फियाटचा डावा दिवा

उचगावच्या आकारामला लोक वायरमन म्हणायचे, पण खांबावर तो जन्मात कधी चढला नाही. उंचावर गेलं की त्याचे पाय लटलटायचे. त्याचं काम जमिनीवरचं, किंबहुना जमिनीला पाठ टेकून करायचं. हायवेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज, त्यात कुणाची तरी गाडी, आणि गाडीखाली उताणा पडलेला आकाराम. हॉर्न बसला, वायपर अडला, दिवा लागेना झाला, की लोक त्याच्याकडे यायचे. इंजिनाला मात्र तो हात लावायचा नाही. "त्ये काळजाचं डाक्टर येगळं," म्हणायचा. "मी नुस्ता नसा बगतो."

त्याची बायको सोनूबाई. लग्न होऊन आली तेव्हा वायर कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. केस पिकायला लागले तोवर तिच्याइतक्या सफाईनं वायर सोलणारं माणूस त्या रस्त्याला दुसरं राहिलं नव्हतं. एकुलती एक मनाली गडहिंग्लजला दिली, घर मोकळं झालं, तशी सोनूबाई दुपारचा डबा घेऊन गॅरेजात यायची ती दिवस मावळेपर्यंत तिथंच. पोतं अंथरून बसायची, वायरी सोलायची, टोकं पिळायची, स्क्रू निवडायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं कामही तिच्याचकडं, कारण आकाराम गाडीखालून बोलला की नव्या माणसाला वाटायचं, गाडीच बोलतीय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं साल असेल. संध्याकाळी दोघं चालत घरी निघाली की सोनूबाईचा पाय चाचपडायला लागला. आधी तिनं चपलेला नावं ठेवली, मग रस्त्याला. मग एक दिवस म्हणाली, "आईचं आलंय माज्यात. तिला बी दिवस बुडला की दिसायचं न्हाय." आकारामला ते पटलं. त्यानं शेवग्याचा पाला आणला, गाजरं आणली, रविवारी बोकडाची कलेजी आणली. सोनूबाईनं सगळं खाल्लं, अंगानं जरा भरली, आणि त्याच आठवड्यात रस्त्याकडच्या चरीत पडली. हात मोडला नाही एवढंच.

तिला हाताला धरून घरी आणताना आकारामनं ठरवलं, आता चालत जायचं नाही. गॅरेजाच्या मागं एक जुनी फियाट कैक महिने उभी होती. मालकानं दुरुस्तीला म्हणून सोडली आणि नंतर तोंड दाखवलं नाही, विचारायला गेल्यावर म्हणाला, "राहू दे तुलाच, माज्या दारात नगो." बोनेटात कोंबडी अंडी घालत होती. आकारामनं कोंबडीची सोय दुसरीकडं केली, इंजिनाच्या डॉक्टराच्या हातापाया पडून काळीज चालू करून घेतलं, आणि नसा स्वतः नव्यानं ओढल्या. सोनूबाई पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा पदर सावरून अशी ताठ बसली, की वस्तीवरच्या बायकांना वाटलं फोटो काढायला चाललीय.

पण गाडी दारापर्यंत जायची नाही. बोळाच्या तोंडाला लिंबाखाली थांबायची. तिथून पुढं अंगण, डाव्या अंगाला धुण्याचा दगड, मग दोन पायऱ्या आणि दार. कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा कायम गेलेला, आणि घरातली वीज तर नेमकी दिवेलागणीलाच जायची. हेडलाईट चालू ठेवावा तर बंद करायला माणूस गाडीत पाहिजे. बंद करून दोघांनी उतरावं तर सोनूबाईला काळंकुट्ट. म्हणून आकारामच्या डोक्यात एक खूळ शिरलं, आणि ते घेऊन तो लक्ष्मीपुरीत केरबाकडे गेला. केरबा रेडिओ दुरुस्त करायचा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

"मानूस उतरून गेलं तरी लाईट ऱ्हायला पायजे," आकाराम म्हणाला, "आन मागनं आपसूक इझला पायजे."

"मग वैनीला कंदील घिऊन दे की लेका."

"कंदील धरला तर मला काय धरंल ती?"

केरबा हसला, आणि जुन्या रेडिओच्या पोटातून एक ट्रान्झिस्टर आणि नळकांड्यासारखा कंडेन्सर काढून दिला. कागदावर रेघा मारून दाखवल्या. आकारामला रेघांपेक्षा केरबाचं बोलणं जास्त कळलं. "ह्यो कंडेन्सर म्हंजी बारीक भोकाची घागर समज. बटन दाबलं की भरती. मग गळत बसती. गळंपतूर रिले चिकटून ऱ्हातोय, लाईट चालू. घागर रिकामी झाली की रिले सुटला, लाईट बंद."

रिले, म्हणजे दिवा जोडणारा-तोडणारा खटका, आकारामनं एका मोडीतल्या जीपच्या हॉर्नचा घेतला आणि बोनेटाखाली पत्र्याला आवळला. डॅशबोर्डखाली दारावरच्या घंटीचं बटण बसवलं. बॅटरी म्हातारी, म्हणून दोन्ही दिवे न जोडता डावा एकच जोडला. अंगणाच्या वाटेला तोंड त्याचंच होतं. सगळ्या वायरी सोनूबाईनं सोलून दिल्या. पहिल्या संध्याकाळी त्यानं बटण दाबलं. पत्र्याला लागलेला रिले मोठ्यानं वाजला, टक्, आणि धुण्याचा दगड, उपडी घातलेली बादली, पायरीचा फुटका कोपरा असं सगळं अंगण लख्ख उभं राहिलं. "बसा तुमी, मी जातो की," म्हणत सोनूबाई एकटीच निवांत चालत गेली, आणि पुढं तीच रोजची रीत झाली. दारात वळून उजेडाकडं बघत राहिली. थोड्या वेळानं परत टक्. अंधार.

शेजारची बाळाबाई उंबऱ्यात उभी होती. "सोनूबाई," ती म्हणाली, "तुमची गाडी डोळा मारती की गं. आन त्यो बी एकाच डोळ्यानं."

"मारंना तिकडं," सोनूबाई म्हणाली. "मालकाला ह्या वयात जमत न्हाय, गाडी तरी मारती."

आकाराम गाडीतच बसून होता. त्याचं तोंड अंधारात कुणाला दिसलं नाही ते बरं झालं, कारण एवढं खूश झालेलं तोंड चारचौघांत घेऊन फिरता येत नाही. पुढचे कितीतरी दिवस गिऱ्हाईक आलं की तो काम सोडून आधी बटण दाबून दाखवायचा. लोक म्हणायचे, भर दुपारी काय कळतंय. तो म्हणायचा, संध्याकाळी या.

वर्षभरानं उजेड अपुरा पडायला लागला. सोनूबाई पायरीशी पोचायच्या आत टक् व्हायचं. आकारामला वाटलं, कंडेन्सर उतरला असणार, जुन्या रेडिओचाच तो. केरबाकडनं मोठा आणला. काही महिन्यांनी तोही पुरेना. ती दगडाशी असतानाच दिवा जायचा. मग त्याहून मोठा आणला. वर दिव्याची काच घासली, वायर जाड घातली, अर्थिंग खरवडून चकाकवलं. गाडीचा दिवा मिणमिण करायला लागला की तो हेच करत आला होता, आणि दर वेळी दिवा सुधारायचा.

"आता ह्येच्यापेक्षा मोठा घातलास तर तांबडं फुटंल," केरबा म्हणाला. "वैनी एवढा येळ अंगनात करत्यात काय?"

"गुडघं धरल्यात तिचं."

रोज संध्याकाळी बटण दाबून तो विचारायचा, "दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की," ती म्हणायची.

गॅरेजातही काही काही होत होतं. गाडीखालून हात काढून त्यानं लाल वायर मागितली तर हातात हिरवी आली. "ध्यान कुठं हाय तुजं?" तो खेकसला. पुढच्या आठवड्यात त्यानं पाहिलं, सोनूबाईनं वायरींच्या टोकांना गाठी मारून ठेवल्यात. लालला एक, काळीला दोन, हिरवीला तीन. त्याला वाटलं, बायकांचं काहीतरी असतं, जात्यावरच्या गाण्यासारखं. कुणी शेजारी येऊन उभं राहिलं तर तिला कळायचं नाही. खाकरलं की ती अख्खी मान वळवून बघायची. चहाचा ग्लास बाजूला ठेवला की हटकून लवंडायचा. आकारामनं हे सगळं पाहिलं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ घातला नाही. दुसऱ्याच्या गाडीत कुठली वायर कुठं तुटलीय ते अंधारात बोटांनी हुडकणारा माणूस, पण पोत्यावर बसलेली बायको त्याला कधी तपासावीशी वाटली नाही. ती कुरकुर करत नव्हती, आणि दुखतही काही नव्हतं.

मग ती थंडीतली संध्याकाळ आली. दिवस लवकर बुडत होते. कोल्हापूरहून आलेली एक फियाट गॅरेजासमोर थांबली. हंबीरराव म्हणून गडहिंग्लजकडचे कुणी होते, मागच्या सीटवर आजारी आई आडवी, आणि गाडीचा एक दिवा गेलेला, दुसरा आचके देत होता. आकारामकडे नवा बल्ब शिल्लक नव्हता. त्यानं मुकाट आपल्या फियाटचा डावा बल्ब काढून त्यांना बसवला.

"पावणं, तुमच्या गाडीचं काय मग?" हंबीररावांनी विचारलं.

"आमाला कुठं लांब जायाचंय? जावा तुमी."

ही त्याची कायमची रीत. अडलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीचं काढून द्यायचं आणि आपलं नंतर बघायचं. त्याच्या फियाटचा हॉर्न, फ्यूज, वायपरची मोटर, सगळं कुणाकुणाच्या गाडीतून बेंगळूरच्या रस्त्यानं गेलेलं होतं. सोनूबाई म्हणायची, "ही गाडी न्हवं, कापनीला आलेलं रान हाय. येनारा जानारा घिऊन जातोय."

त्या दिवशी तिला यातलं काही समजलं नव्हतं. ती आत डबा घासत होती.

एका उजव्या दिव्यावर आकाराम घरी आला. लिंबाखाली गाडी थांबवली, दिवा बंद केला, चावी काढली. सोनूबाई उतरून बोनेटावर हात ठेवून उभी राहिली, रोजच्यासारखी. त्यानं सवयीनं बटण दाबलं.

टक्.

अंगण काळंच राहिलं. आकारामच्या ध्यानात आलं, बल्ब तर देऊन बसलोय. थांब म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात सोनूबाई बोलली.

"आज लख्ख पडलाय बगा उजेड."

आणि ती चालायला लागली.

त्याला ती दिसत नव्हती. नुसत्या चपला ऐकू येत होत्या, घासत, थांबत, परत घासत. दगडाशी त्या उजवीकडं वळल्या. पायरीला चपलेचं टोक लागलं. कडी वाजली. मग बोनेटाखाली रिले सुटला, टक्, आणि दारातून तिचा आवाज आला, "इझला. या आता."

आकाराम स्टेअरिंग धरून तसाच बसला. डोक्यात एकच होतं, हिला कधीपासून दिसत नाही. त्यानं मागं जाऊन शोधायचा प्रयत्न केला. ग्लास, गाठी, हिरवी वायर. सगळं हाताला लागत गेलं, एकामागून एक, आणि शेवट काही सापडेना.

जेवताना वीज आलेली होती. तिनं अंदाजानं दोघांची ताटं वाढली, चांगली वाढली. ती भाकरी मोडायला वाकली तेव्हा आकारामनं तिचं ताट हळूच जरा बाजूला ओढलं. तिचा हात खाली आला तो फरशीवर. बोटं थोडी फिरली आणि थांबली. त्यानं ताट परत तिच्या हाताखाली सरकवलं. आमटी निवून गेली.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. दोघं मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण तरुण होती, मनालीच्या वयाची. तिनं सोनूबाईच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं, यंत्रावर हनुवटी टेकायला लावली, आणि मग आकारामला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच तो समजला.

"काचबिंदू आहे, काका," ती म्हणाली. "डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. कडेकडेनं दिसायचं कमी होत येतं. काकूंचा डावा डोळा पूर्ण गेलाय. उजव्यात चिमूटभर उजेड आहे. तो टिकवायला थेंब देते."

"आन गेलेलं?"

"गेलेलं परत येत नाही."

"नस बदलता येत न्हाय?"

ती हसली नाही. नुसती मान हलवली. मग म्हणाली, "दोन-तीन वर्षांपूर्वी आला असता, तर पुष्कळ वाचलं असतं."

दोन-तीन वर्षांपूर्वी तो दिव्याची काच घासत होता.

येताना जयसिंगपूर मागं पडलं. मग त्यानं विचारलं, "कवापासनं?"

"असं कसं सांगू? कमी कमी हुत गेलं. तुमी दुसरा कंडेन्सर घातला तवा नुस्तं पिवळं पिवळं दिसायचं. यंदा गनपती गेलं, तवापासनं त्ये बी न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

ती समोर बघत होती, म्हणजे तिचं तोंड समोर होतं. "रोज इचारायचा तुमी, दिसतंय न्हवं, दिसतंय न्हवं. न्हाय म्हटलं असतं तर काय केलं असतं?"

"काय म्हंजी?"

"आनि मोठा घातला असता."

आकारामनं खरंच घातला असता. त्याच्या डोक्यात आजार असा दिव्यातच होता. ज्याच्यावर उजेड पडायचा, तिकडं त्यानं कधी बघितलंच नाही.

"मला वाटायचं वयाचं हाय," ती म्हणाली. "आईचं बी असंच झालंतं. ती शेवटाला भित्तीला धरून चालायची. मला भित्त नगो हुती. टक् वाजलं की गाडी कुठं हाय कळायचं. गाडी पाटीमागं धरली की दार म्होरं. दुसरं टक् वाजायच्या आत पायरी गाठायची. असं करत हुतो मी. जमत हुतं की."

घरी आल्यावर त्यानं तिला हाताला धरून आत नेलं, आणि परत येऊन बोनेट उघडलं. पक्कड घेऊन त्यानं सगळी करामत तोडली. ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, वायरी. घंटीचं बटण उपसून ओढ्यात फेकलं. रिले तेवढा गंजून पत्र्याला घट्ट बसला होता, तो निघेना. बाळाबाई दारातून बघत होती. तिनं एकदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाळाबाई गप्प बसलेली वस्तीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या संध्याकाळी दोघं गॅरेजातून परत आली. सोनूबाई उतरली आणि बोनेटावर हात ठेवून उभी राहिली. आकाराम उतरून तिच्याजवळ गेला, हात धरायला. तिनं हात काढून घेतला.

"बसा आत," ती म्हणाली. "मी चालतो की."

ती उभीच. तो परत आत बसला. तिची मान जरा तिरकी झाली होती, ऐकायला. आकारामचा हात सवयीनं बटणाकडं गेला, बटण नव्हतं. मग त्यानं जीभ टाळूला लावून आवाज काढला.

"टॉक."

सोनूबाई हलली नाही. "ह्यो कुठला रिले?"

"नवा हाय."

"आवाज बरा न्हाय ह्येचा. गाय हाकल्यागत वाटतंय." तिनं बोनेटावर दोनदा थोपटलं, जनावराला थोपटावं तसं. "जुनाच बसवा परत."

त्यानं बसवला. केरबानं सगळं पुन्हा दिलं, या वेळी चेष्टा न करता. फक्त दिव्याकडं जाणारी वायर आकारामनं जोडली नाही. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती बाजूला बांधून टाकली. डावा बल्बही त्यानं पुन्हा आणला नाही. आता बटण दाबलं की नुसता आवाज व्हायचा. रस्त्यानं जाणारा येणारा म्हणायचा, "आकाराम, तुजी गाडी चालू हुईना व्हय?" तो व्हय म्हणायचा.

थेंब दिवसातून दोनदा चालले होते. आकाराम स्वतः घालायचा, गाडीखाली जसा उताणा पडायचा तसं तिला उताणं झोपवून. दोन उन्हाळे गेले आणि उजव्या डोळ्यातली ती चिमूटही गेली. कोणत्या दिवशी ते सोनूबाईनं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारायचं तर कधीच सोडलं होतं. गॅरेजात ती पोत्यावर बसून वायरी सोलते, गाठी मारते. लाल मागितली की लाल हातात येते. त्याला आता त्या गाठी बघवत नाहीत, म्हणून तो गाडीखालूनच हात पुढं करतो.

तिची चाल उतरत गेली. अलीकडं दुसरं टक् होतं तेव्हा ती दगड ओलांडून जेमतेम पुढं गेलेली असते. आवाज झाला की आहे तिथं थांबते, एक पाऊल पुढं टाकत नाही. मोठा कंडेन्सर केरबानं न मागता पाठवून दिलाय. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे.

काल संध्याकाळीही तसंच. टक् झालं, चपला निघाल्या. आकाराम काचेतून बघत बसला, पण अंगणात अमावास्येचा अंधार, वीज गेलेली, त्याला काही दिसण्यासारखं नव्हतं. टक् झालं, चपला थांबल्या. तो उतरून तिच्याकडे निघाला आणि चार पावलांवर धुण्याच्या दगडावर त्याची नडगी अशी आपटली की तो खालीच बसला.

"सरळ या," अंधारातून सोनूबाई म्हणाली. "डाव्या अंगाला दगड हाय."

दगड त्यानंच आणून टाकला होता, ती लग्न होऊन आली त्या सालात. तो नडगी धरून कण्हत बसून राहिला. ती उभी राहिली, त्याचा आवाज कुठून येतोय ते ऐकत.